निरोगी वस्तीची पाटी

हे सगळं घडलं ते एकोणीसशे त्र्याहत्तर साली. हातात मावणारी गणकयंत्रं तेव्हा आपल्या कचेऱ्यांत आली नव्हती. सांख्यिकी कार्यालयात टाइपरायटरएवढं एक लोखंडी धूड असे. त्याचा दांडा गरागरा फिरवायचा, आतले दाते खडखडायचे आणि मग उत्तर छोट्याशा खिडकीत येऊन उभं राहायचं. दिवसभर ती खडखड ऐकून घरी गेलेल्या माणसाला जेवतानाही ताटात आकडे दिसत. अशा त्या कार्यालयात, नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी एक बाई बसत असे. तिला सगळे तक्तेबाई म्हणत.

हे नाव कुणी कुचेष्टेनं ठेवलेलं नव्हतं. तिने आखलेला तक्ता खरोखरच देखणा असायचा. रकाने सरळ, दशांशचिन्हं एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही. शून्य असेल तिथे शून्य लिहायचं नाही, एक बारीक आडवी रेघ ओढायची, ही कार्यालयाची पद्धत. तक्तेबाईंची ती रेघही अशी मोजूनमापून असे, की नव्या कारकुनांना ती गिरवायला लावत. आणि तळटिपांबद्दल तर बोलायलाच नको. कुठला आकडा कुठून घेतला, काय धरलं, काय वगळलं, सगळं पानाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. तळटीप दिली की आपण सुटलो, असं ती म्हणायची. त्यात तिला काही वावगं वाटत नसे.

वर्षाकाठी या सगळ्याचा निळ्या पुठ्ठ्याचा अहवाल छापून यायचा. तो विटेसारखा जाड आणि विटेइतकाच वाचनीय. काही प्रती वरच्या कचेऱ्यांत जात. उरलेल्या जिन्याखाली रचून ठेवत. शिपायाने त्यांचंच बाकडं केलं होतं आणि त्यावर बसून तो चहा प्यायचा. "बाकीचे या आकड्यांवर विसंबतात," तो म्हणायचा, "मी निदान बसतो तरी. माझ्याइतका उपयोग कुणी केला नसेल." सगळे हसत. तक्तेबाईही हसायच्या. आपण वर्षभर डोळे फोडून केलेलं काम कुणी वाचत नाही, याचं त्यांना वाईट वाटत नसे. वाचायचं काम आपलं नाही, ज्याला गरज आहे तो वाचेल, असं मोठे साहेब सांगत आणि तेच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या शहराचे दोन भाग होते. टेकडीवरची वरची वस्ती. तिथे रुंद रस्ते, झाडं आणि मोठं सरकारी रुग्णालय. आणि टेकडीच्या पायथ्याशी कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना चिकटून असलेली खालची वस्ती. तिथला नाला आज निळा तर उद्या तांबडा वाहायचा. खालच्या वस्तीत मोजक्या खाटांचं एक छोटं प्रसूतिगृह होतं. एक डॉक्टरीणबाई, दोन परिचारिका, आणि दारात सदा ओला असलेला एक व्हरांडा. बाळंतपण अवघड दिसलं, किंवा जन्मलेलं मूल निळं पडायला लागलं, की डॉक्टरीणबाई गाडी मागवून त्याला टेकडीवरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवत. काही मुलं तिथून हसत परत येत. काही येत नसत.

आता कार्यालयाची पद्धत अशी होती, की मृत्यू ज्या ठिकाणी झाला त्या ठिकाणच्या नावावर मांडायचा. माणूस राहायला कुठे होता हे बघायचं नाही. त्यामुळे खालच्या वस्तीतलं जे मूल वरच्या रुग्णालयात दगावलं, ते वरच्या वस्तीच्या रकान्यात जाऊन बसे. यात लबाडी काही नव्हती. फार पूर्वी कुणीतरी घालून दिलेली पद्धत होती, आणि तळटिपेत तसं स्वच्छ लिहिलेलंही होतं. दरवर्षी तक्तेबाई ते आपल्या सुंदर अक्षरात लिहीत.

मागल्या वर्षीच्या अहवालात काय झालं, तर बालमृत्यूंच्या तक्त्यात खालच्या वस्तीपुढे आकडाच आला नाही. तिथे आली एक बारीक आडवी रेघ.

आरोग्य समितीच्या अध्यक्षांनी तो अहवाल उघडला होता, ही एक नवलाचीच गोष्ट. त्यांना कुठल्यातरी वस्तीचा सत्कार करायचा होता आणि तो कुणाचा करावा हे बघायला त्यांनी पान उलटलं. ती रेघ त्यांना दिसली. रेघेखालची तळटीप दिसली नाही. झालं! महिन्याभरात प्रसूतिगृहाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसली: 'शहरातील सर्वांत निरोगी वस्ती'. अध्यक्षांनी भाषण केलं. गेल्या वर्षी या वस्तीत एकही बाळ दगावलं नाही, असं ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वाचकहो, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत अशा कितीतरी बाया होत्या ज्यांचं मूल त्याच वर्षी गेलं होतं. त्यांनी टाळ्या का वाजवल्या? कारण सरकार सांगतंय म्हणजे खरंच असणार. आपल्या एकटीचं गेलं, ते मोजायचं राहून गेलं असेल, असं प्रत्येकीला वाटलं. आणि आपली एकटीचीच कूस अपयशी, हे चारचौघांत कोण बोलून दाखवणार? जी ती गप्प राहिली.

त्यातलीच एक होती तक्तेबाईंची सख्खी धाकटी बहीण.

धाकटी खालच्या वस्तीत दिलेली. नवरा रंगाच्या कारखान्यात कामाला, माणूस भला. सासू तोंडाने फटकळ पण मनाने वाईट नव्हे. धाकटीचा पहिला मुलगा आठवड्याचा होऊन टेकडीवरच्या रुग्णालयात दगावला. पाटी बसली त्या दिवशी सासूने घरी येऊन चप्पल काढता काढता विचारलं, अगदी सरळ मनाने विचारलं, "अख्ख्या वस्तीत एक मूल दगावलं नाही म्हणतात. मग आपलंच कसं गं गेलं?"  पुढे पुढे त्या प्रश्नाला धार आली. दूध उतू गेलं की, कपडा जळला की, सासू म्हणायची, "सगळ्यांची जगतात. हिच्याच हातून काय निसटतं कोण जाणे." रोज प्रसूतिगृहावरून पाणी आणायला जाताना धाकटी त्या पाटीकडे पाठ करून चालायची.

एकदा ती ताईकडे आली होती तेव्हा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "ताई, माझंच का गेलं गं?"

तक्तेबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असतं एकेकाचं नशीब. मनाला लावून घेऊ नकोस."

त्या मुलाला वरच्या वस्तीच्या रकान्यात मांडणारा हात हाच होता. पण त्या क्षणी तक्तेबाईंच्या मनात तो रकाना आलाच नाही. घर वेगळं, कचेरी वेगळी. त्यानंतर धाकटी ताईकडे येईनाशी झाली.

त्र्याहत्तर साली धाकटी पुन्हा गरोदर होती. आणि त्याच साली समितीने ठराव केला, की ज्या वस्तीत बाळं दगावतच नाहीत तिथे प्रसूतिगृहाची चैन कशाला? तिथल्या खाटा आणि माणसं वरच्या रुग्णालयात हलवावीत; मृत्यू तर तिथेच जास्त होतात. ठरावाच्या शेवटी निळ्या अहवालाचा पानक्रमांक दिला होता.

तो ठराव हातात घेऊन डॉक्टरीणबाई सांख्यिकी कार्यालयाचा जिना चढून आल्या. स्थूल बाई, धाप लागलेली, चष्मा घामाने घसरलेला. दारातच त्यांनी विचारलं, हा तक्ता कुणी केला. सगळ्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

तक्तेबाईंनी अदबीने त्यांना खुर्ची दिली. कुणीतरी आपला तक्ता वाचून विचारायला आलंय, याचा त्यांना खरं तर आनंदच झाला होता.

"मी वर पाठवते ती मुलं तुम्ही कुठे मोजता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जिथे मृत्यू, तिथे नोंद," तक्तेबाई पाठ म्हटल्यासारख्या म्हणाल्या. "वर दगावली तर वरच्या वस्तीत. तळटीप दिलेली आहे. हे बघा, चौथी."

डॉक्टरीणबाईंनी वाकून, चष्मा कपाळावर ढकलून ती तळटीप वाचली. 

"मला वाटलं, ती रेघ माझ्या प्रसूतिगृहाबद्दल आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या खाटेवर त्या वर्षी एकही मूल गेलं नव्हतं. मी फुशारले. पाटी पुसून घ्यायचे मी रोज. मी काय समजले, अध्यक्ष काय समजले, त्या बाया काय समजल्या! आणि खरं काय ते या एका ओळीत, जी वाचायला मला चष्मा काढावा लागला."

"पण आकडा चुकीचा नाही, डॉक्टर."

"नाही ना. तीच तर पंचाईत आहे. चुकीचा असता तर कुणीतरी भांडलं असतं." त्या पुढे झुकल्या. "मला एक सांगा बाई, हे तुम्ही लिहिता कुणासाठी? ज्यांची मुलं गेली त्यांच्यासाठी? त्यांना यातलं अक्षर कळत नाही. ठराव करणाऱ्यांसाठी? ते तळापर्यंत येत नाहीत. मग उरलं कोण? तुम्ही लिहिता ते उद्या कुणी बोट दाखवलं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणता यावं म्हणून. माणसाला त्याच्याबद्दलचीच गोष्ट सांगायची, पण त्याला कळणार नाही अशा बेताने सांगायची, याला सांगणं म्हणतात होय? मी जर रोग्याला त्याचा रोग अशा भाषेत सांगितला आणि तो मेला, तर तुम्ही मला सोडाल?"

गणकयंत्राची खडखड थांबली होती. सगळे कारकून कान टवकारून बसले होते. तक्तेबाईंना राग आला. त्या म्हणाल्या, आमचं काम मोजण्याचं आहे, निर्णय घेण्याचं नाही. डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुमची बहीण माझ्याकडे तपासून घ्यायला येते. गेल्या खेपेचं बाळ आपल्या हलगर्जीपणाने गेलं, असं ती दर वेळी मला सांगते. मी तिला नाही म्हणते. ती पाटीकडे बघते आणि मान हलवते. माझ्या शब्दापेक्षा तुमच्या रेघेवर तिचा विश्वास जास्त आहे." आणि त्या जिना उतरून गेल्या.

त्या दुपारी तक्तेबाईंनी तो तक्ता परत समोर ओढला. वरच्या रुग्णालयातून येणाऱ्या मृत्यूच्या प्रत्येक चिठ्ठीवर आईचा पत्ता असतो. तो कुणी बघत नसे, इतकंच. त्यांनी पत्ते बघून मुलं परत मांडली. वरच्या वस्तीच्या रकान्यातली निम्म्याहून जास्त मुलं उठून खालच्या वस्तीत आली. आडव्या रेघेच्या जागी शहरातला सगळ्यांत मोठा आकडा उभा राहिला. त्या मुलांत एक त्यांचा भाचा होता. त्याची चिठ्ठी हातात आली तेव्हा त्यांना आठवलं, की ही आपण पूर्वीही हातात धरली होती, आणि अक्षर नीट लागत नाही म्हणून कुरकुरलो होतो.

नवा तक्ता घेऊन त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी तो शांतपणे पाहिला, आखणीची तारीफ केली. तक्तेबाई म्हणाल्या, शुद्धिपत्र काढू या, समितीला कळवू या. साहेब हसले. माणूस कधी आवाज चढवत नसे.

"चूक असती तर शुद्धिपत्र काढलं असतं. बरोबर आकड्याचं शुद्धिपत्र कसं काढायचं, बाई?"

पुढल्या वर्षी विचार करू, असं म्हणून त्यांनी तक्ता खणात ठेवला.

तक्तेबाईंनी हे डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी मग प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात बायांना बोलावलं, कारखान्याची पाळी सुटल्यावर. तक्तेबाई गेल्या. जन्मात कधी चार माणसांसमोर बोलल्या नव्हत्या. उभ्या राहिल्या आणि सवयीने सुरू झाल्या: दर हजार जन्मांमागे अमुक, शेकडा प्रमाण तमुक. बाया शांतपणे ऐकत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्या. मागून एक जाडजूड बाई म्हणाली, "हजार कुणाला झालीत बाई इथे? मला सहातच घाम फुटला." हशा पिकला. तक्तेबाई गोंधळून थांबल्या. हातातला कागद त्यांनी घडी करून ठेवून दिला.

"टेकडीवरच्या दवाखान्यात मूल गेलं," त्या म्हणाल्या, "तर आम्ही ते वरच्या लोकांचं म्हणून मोजतो. खालचं म्हणून नाही. तुमची मुलं गेली ती आम्ही वरच्यांच्या नावावर लिहिली. म्हणून ही पाटी लागली."

एवढंच. ते सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

 मग धाकटीची सासू, जी सगळ्यांत पुढे बसली होती, तिने विचारलं, "म्हणजे माझा नातू वरचा झाला?"

"हो."

"इथे जन्मला. माझ्या मांडीवर रडला. आणि मेल्यावर त्यांचा?"

"हो."

मागून दुसरी म्हणाली, "आणि माझी पोर?" वर गेली का, असं तक्तेबाईंनी विचारलं. ती हो म्हणाली. मग तीही वरचीच. मग तिसरी. मग ती जाडजूड बाईसुद्धा, जी मघाशी हसवत होती, ती खालच्या आवाजात म्हणाली, माझी सहा सांगितली, पण सातवं होतं. एकेक जण विचारत राहिली आणि तक्तेबाई हो म्हणत राहिल्या. बाया एकमेकींकडे बघत होत्या. वर्षानुवर्षं एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बाया. शेजारणीचं मूल वर नेल्याचं ठाऊक होतं, पण आपल्या ओळीत इतक्या जणी आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

धाकटी खांबाला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून. सगळ्यांचं विचारून झाल्यावर ती बोलली.

"ताई, हे तुला तेव्हाही माहीत होतं?"

"तळाला लिहिलेलं होतं गं."

"मी तळाचं नाही विचारत. मी तुझ्या घरी बसून तुला विचारलं होतं, माझंच का गेलं. तू म्हणालीस नशीब." तिचा आवाज चढला नाही. "दोन वर्षं मी रात्री उठून आठवत बसते, मी काय केलं, काय नाही केलं. तू नुसतं म्हणाली असतीस, की बाई, तुझ्यासारख्या पुष्कळ आहेत. एवढंच. त्याला काय लागलं असतं तुला?"

 जगात असा प्रश्न आहे ज्याच्या उत्तराला तळटीप पुरत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सासू उठली, सुनेजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून पदर सारखा केला. इतक्या दिवसांच्या टोमण्यांची तिने तेवढीच माफी मागितली.

गोष्टीत असतं तर इथून सगळं सुधारलं असतं. तसं झालं नाही. बाया घोळक्याने समितीकडे गेल्या, तक्तेबाई त्यांच्याबरोबर गेल्या. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते तक्तेबाईंना म्हणाले, "अहवालावर सही तुमच्या कार्यालयाची. अहवाल करणाऱ्या बाई खऱ्या, की या समोर उभ्या आहेत त्या खऱ्या?" तक्तेबाईंनी तळटीप दाखवली तेव्हा ते म्हणाले, "इतकं बारीक वाचायला आम्ही काय परीक्षेला बसलोय?" सदस्य हसले. ठराव कायम झाला. महिन्याअखेर खाटा उचलून हातगाड्यांवरून टेकडीवर गेल्या, डॉक्टरीणबाईंची बदली वर झाली, प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. पाटी तेवढी भिंतीतच राहिली.

धाकटीला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. गाडी मागवली, ती आली नाही. शेवटी तिच्या नवऱ्याने कारखान्यातली कापडाच्या गठ्ठ्यांची ढकलगाडी आणली, तिच्यावर गादी टाकली आणि चार माणसांनी ती टेकडीच्या चढावर ढकलायला सुरुवात केली. वर रुग्णालयाच्या फाटकात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, कारण सासूने आधीच एकाला धावत पाठवलं होतं. पाण्याच्या टाकीच्या वळणावर, अर्ध्या चढात, बाळ जन्मलं. नाळ गळ्याभोवती होती. ते रडलं नाही. डॉक्टरीणबाई धावत खाली आल्या तोवर सासू त्याला आपल्या पदरात घेऊन रस्त्याच्या कडेला बसली होती. प्रसूतिगृहात असते तर बोटाने सोडवली असती ती नाळ, असं डॉक्टरीणबाई पुढे आयुष्यभर म्हणत.

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या खिडकीशी तक्तेबाई गेल्या. घरातलं दुसरं कुणी जाण्याच्या अवस्थेत नव्हतं. खिडकीतला कारकून त्यांना ओळखत होता. त्याने हळहळ केली आणि मग टाक उचलून विचारलं, ठिकाण काय लिहू.

"टाकीचं वळण."

"ते दोन वस्त्यांच्या शिवेवर येतं. कुठल्या बाजूला झालं? नियम तुम्हालाच पाठ, तुम्हीच सांगा."

गाडी वळणाच्या वरच्या अंगाला होती, हे तक्तेबाईंना ठाऊक होतं. म्हणजे नियमाने मूल वरचं. त्यांनी खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला.

"खालची वस्ती लिहा," त्या म्हणाल्या. "त्याची आई जिथे राहते तिथे. आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

पुढचा भाग सर्वांत कडू आहे, पण तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट सांगून उपयोग नाही. प्रसूतिगृह बंद झाल्यावर खालची मुलं वरच्या रुग्णालयात पोचेचनात. ती घरातच जाऊ लागली, वाटेत जाऊ लागली. आणि जिथे मृत्यू तिथे नोंद! त्यामुळे पुढल्या अहवालात खालच्या वस्तीपुढे एकाएकी भलामोठा आकडा आला, आणि वरच्या वस्तीचा आकडा घसरला. अध्यक्षांनी भर सभेत खंत व्यक्त केली, की काल-परवापर्यंत निरोगी असलेल्या वस्तीतल्या बाया आता फार निष्काळजी झाल्या आहेत. आकडा याही वेळी चुकीचा नव्हता.

त्या सभेच्याच आठवड्यात तक्तेबाईंनी प्रसूतिगृहातला वेळापत्रकाचा काळा फळा मागून घेतला आणि कुलूप लागलेल्या दाराशेजारी टांगला. दर महिन्याचे आकडे त्यावर लिहायचे, सगळ्यांना दिसतील असे. पण हाताची सवय ती सवय. त्यांनी खडूने आधी रेघा मारल्या, रकाने पाडले, शीर्षक दिलं, खाली बारीक अक्षरात तळटीपसुद्धा दिली. लोक येत, बघत, पुढे जात. शाळेचं काही असेल असं त्यांना वाटे.

तिसऱ्या दिवशी धाकटी आली. टाकीच्या वळणानंतर ती प्रथमच प्रसूतिगृहाकडे फिरकली होती. ताईशी ती बोलत नव्हतीच. फळ्यापुढे उभी राहून तिने सगळं वाचलं.

"हे कुणाला कळायचं, ताई? रेघा पूस."

तक्तेबाईंनी पुसल्या.

"आता लिही. या महिन्यात आपल्या वस्तीतली बाळं गेली. किती गेली ते अक्षरात लिही. कुठे गेली ते लिही: घरात, वाटेत, टेकडीवर. मृत्यू-बित्यू लिहू नकोस. गेली, असंच लिही."

तक्तेबाई लिहीत गेल्या. धाकटी सांगत गेली. शेवटी थोडी जागा उरली. तिथे काय लिहू, असं त्यांनी विचारलं. धाकटीने विचार करून सांगितलं ती ओळ तक्तेबाईंनी मोठ्या अक्षरात लिहिली. पाणी आणायला निघालेली एक पोरगेली बाई ती वाचून थांबली, हातातली घागर तिने खाली ठेवली, आणि तिथेच फळ्यापुढे बसून रडली. ती कोण होती ते दोघी बहिणींना ठाऊक नव्हतं.

पुढे कोणाचं काय झालं ते सांगते. मोठे साहेब मानाने निवृत्त झाले. त्यांची तसबीर कार्यालयात आहे. अध्यक्ष आणखी दोनदा निवडून आले. सहा वर्षांनी, फळ्यावरचे आकडे वाचून वाचून वस्तीच्या तोंडपाठ झाल्यावर आणि दर सभेत कुणीतरी उठून ते म्हणून दाखवायला लागल्यावर, प्रसूतिगृह पुन्हा उघडलं. फीत त्याच अध्यक्षांनी कापली. नवी पाटी तयार होती, पण सासूने ती लावू दिली नाही. जुनी पाटी मात्र तिने भिंतीतून उकरून काढली आणि उलटी करून आपल्या दारापुढची पायरी केली; ती गेली तेव्हाही पायरी तिथेच होती. डॉक्टरीणबाई परत खाली आल्या, पण फार दिवस काम करू शकल्या नाहीत. धाकटीला पुन्हा मूल झालं नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी फळा मोठ्याने वाचून दाखवायचं काम तिने अखेरपर्यंत केलं.

तक्तेबाईंना नियमभंगाबद्दल ठपका मिळाला आणि त्यांची रवानगी जिन्याखालच्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. शिपाई म्हणाला, या आता, आपण दोघं मिळून बसू. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच होत्या. आज निळ्या अहवालात दोन रकाने असतात: मूल कुठे गेलं आणि आई कुठे राहते. दुसरा रकाना कसा आला हे कार्यालयात कुणाला माहीत नाही. धाकटीने ताईला माफ केलं का? फळ्यासाठी खडू मात्र दोघी मिळून आणत, एवढं खरं.

वाचकहो, सरकार आपल्याबद्दल मोजत असतं. आपण किती जन्मलो, किती गेलो, किती शिकलो, किती उपाशी राहिलो. ते आकडे आपल्या जगण्याचे आहेत, म्हणून ते आपल्याला कळतील असे सांगणं हा उपकार नव्हे, ते कर्तव्य आहे. आणि न कळणारा आकडा समोर आला तर 'हा कुणाला मोजून काढला, कुणाला वगळून?' असं विचारणं हे आपलं काम आहे. खरा आकडासुद्धा माणसाला पोचला नाही, तर तो खोट्याइतकाच जीव घेतो.

फळा अजून तिथे आहे. खडूचे हात किती बदलले. वरची ओळ दर महिन्याला पुसून नवी लिहितात. अलीकडे काही महिने ती लिहावीही लागत नाही. खालची ओळ, धाकटीने सांगितलेली, कुणी पुसत नाही:

'ज्या आईचं बाळ गेलं तिने वाचावं. तुझं एकटीचं गेलेलं नाही.'